बाई आत, बिल्ला बाहेर

आमच्या ऑफिसात प्रतिभाताईला मागून ‘किरकिरी’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाय. मी देवराम, ह्या कंपनीची गाडी चालवतो. सहा वर्षं झाली, तिला शेताशेतांवर नेतो, आणतो, बांधावर तिच्याबरोबर डबा खातो. ती कशी हाय ते मी सांगतो. मग कोणाला काय म्हणायचं ते खुशाल म्हणा.

कंपनी गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर. शेतातल्या वस्तूंना अक्कल द्यायचा धंदा, असं आमचे सनीसाहेब पाहुण्यांना सांगतात. पॉलीहाऊसच्या, म्हणजे प्लास्टिकनं झाकलेल्या शेताच्या, पडद्याला अक्कल, पंख्याला अक्कल, दाराला अक्कल. आत गरम झालं की पडदा आपला आपण वर जातो, माती सुकली की पाणी सुटतं, मालक घरी चहा पीत बसला तरी चालतं. माणसांना अक्कल कधी देणार ते मात्र विचारायचं नाय.

बाकीची पोरं प्रोग्रॅम लिहितात. प्रतिभाताईचं काम तो मोडून बघायचं. त्याला टेस्टिंग म्हणतात. ती मखमलाबादची, मळ्यातली. पहाटे बापाबरोबर मेथीच्या जुड्या बांधायची, हात धुवायची आणि कॉलेजला पळायची. शेतात माणूस कसा वागतो ते तिला पुस्तकात वाचावं लागत नाय. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांना वाटतं, शेतावरची बाई सांगितल्याबरहुकूम चालते. प्रतिभाताई म्हणते, “माझी आई कधी चालली नाही, तर ह्यांच्या कशा चालतील?”

एकदा मजुरांची हजेरी आपोआप लागावी म्हणून गळ्यात घालायचे बिल्ले आले. आतमध्ये बारीक यंत्र, कोण कुठं हाय ते ऑफिसात दिसायचं. प्रतिभाताईनं एक बिल्ला घेतला आणि मळ्यातल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधला. संध्याकाळी प्रोग्रॅमनं कुत्र्याची आठ तासांची हजेरी भरली, वर शेरा दिला की मजूर नंबर चार सगळ्यांत चपळ. मी हसून हसून बांधावर बसलो. ती हसली नाय. तिनं वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी हसण्यावारी नेलं. “कुत्र्याला कोण बिल्ला घालणार, प्रतिभा?” म्हणाले. तिला विचारायचं होतं ते हे, की बिल्ला आणि माणूस एकच असं धरून का चालायचं. पण गाढवापुढं वाचली गीता.

आता खोट्या शेताचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरून झालं. प्रत्येक नवी गोष्ट खऱ्या मळ्यात लावून बघता येत नाय, म्हणून कॉम्प्युटरमध्येच एक शेत केलंय. सिम्युलेटर म्हणतात त्याला. मी खोटं शेत म्हणतो. त्यात खोटा पाऊस पडतो, खोटी लाईट जाते, खोटं नेट बंद पडतं, खोटा उंदीर वायर कुरतडतो. खोट्या बाया आत जातात, बाहेर येतात, एकेक बाई म्हणजे स्क्रीनवर एक हिरवा ठिपका. एका दुपारात वर्षभराचे दिवस फिरवून बघता येतात. लय कामाचं हत्यार हाय, मी त्याला नाव ठेवत नाय. हत्यार धरणाऱ्याला ठेवतो.

गेल्या पावसाळ्यात साहेबांनी नवी टूम काढली. औषध फवारणीसुद्धा आपोआप. कीड यायची हवा झाली की पॉलीहाऊसचे पडदे खाली पडायचे, दाराला कुलूप लागायचं आणि वरच्या नळ्यांमधून औषधाचं धुकं सुटायचं. पुरी वीस मिनिटं. आत कोणी हाय की नाय ते कसं कळायचं? तर त्याच बिल्ल्यांवरून. आत बिल्ला नाय म्हणजे आत बाई नाय, सोडा धुकं.

प्रतिभाताईची तळपायाची आग मस्तकात गेली. मी चहाचे कप उचलायला आत गेलो होतो, म्हणून ऐकलं.

“साहेब, बिल्ला म्हणजे बाई नाही. बाई आत आणि बिल्ला बाहेर असं झालं तर?”

“नियम आहे ना, बिल्ल्याशिवाय आत जायचं नाही.”

“नियम खोट्या शेतातल्या बाया पाळतात. मला एकच पाहिजे. आतल्या बाजूला, हाताला लागेल असं एक लाल बटण. दाबलं की धुकं बंद आणि दार उघडं. बस.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. “अगं, हात न लावता चालतं हेच तर आपण विकतोय. आत बटण दिसलं की शेतकरी विचारणार, हे कशाला? काही बिघडतं का? मग काय सांगू?”

“खरं सांगा.”

मग तिनं सिम्युलेटरवाल्या पोराला बसवलं आणि म्हणाली, दाखव मला, बाई आत, बिल्ला बाहेर. त्या पोरानं तासभर खटपट केली. जमेना. कारण खोट्या शेतात बाई म्हणजेच बिल्ला. बिल्ला काढला की ठिपका गायब, बाईच गायब. स्क्रीनवर पॉलीहाऊस रिकामं. साहेबांनी बोट दाखवलं, “बघ, रिकामं आहे. चार हजार वेळा चालवलंय, एकदाही चुकलं नाही.”

“चार हजार वेळा तुम्ही स्वतःलाच विचारलंत आणि स्वतःच हो म्हणालात,” प्रतिभाताई म्हणाली.

चुकांची एक यादी असते ऑफिसात, सगळ्यांना दिसते. त्यात तिनं लिहिलेल्या ओळीपुढं साहेबांनी शेरा मारला, ‘प्रत्यक्षात घडणे शक्य नाही’, आणि ओळ बंद केली. तिनं परत उघडली. त्यांनी परत बंद केली. असं पाच वेळा. मग पोरं तिला किरकिरी म्हणायला लागली. अरे, किरकिर ती करत होती कोणासाठी? स्वतःला पॉलीहाऊसमध्ये जायचं होतं का तिला?

पहिली जोडणी झाली गिरणाऱ्याच्या अलीकडं, गोरक्षभाऊंच्या मळ्यात. जरबेऱ्याच्या फुलांचं मोठं पॉलीहाऊस, तोडणीला सात बाया, त्यांची पुढारी अंबूबाई. पन्नाशीची, आवाज असा की रस्त्यावरून ऐकू यावा. प्रतिभाताईला ती ‘पोरी’ म्हणायची आणि हातात भाकरी ठेवल्याशिवाय सोडायची नाय. बिल्ला मात्र कौतुकानं घालायची. “सरकारी साहेबावाणी दिसते की नाय मी?” म्हणायची. बिल्ल्याला मोठा मान होता तिच्या मनात. हे आपलं हत्यार, ह्याच्यावर आपली हजेरी, म्हणून रोज पदरानं पुसायची.

मग खंडेनवमी आली.

आमच्या ऑफिसात लय थाटात पूजा असते. सगळ्या लॅपटॉपांना झेंडूच्या माळा, कीबोर्डवर अक्षता. मी गाडी धुऊन काढली, चाक उघडायची लोखंडी टॉमी, जॅक, पाने बाहेर काढून कुंकू लावलं. वर आलो तर साहेब सोवळं नेसून पाटावर, आरतीची तयारी चाललेली. प्रतिभाताई तबकातल्या वस्तूंना हळदकुंकू लावत होती. मोबाईल, वायरी, आणि कोणीतरी टेस्टिंगचे दहा बिल्लेही मांडले होते. एका बिल्ल्याला बोट टेकवलं आणि तिचा हात तसाच राहिला.

“काका,” मला म्हणाली, “अंबूमावशी आज पूजेत काय मांडतात?”

“विळे, कात्र्या, फवारणीचा पंप. जे हत्यार असंल ते.”

“बिल्ले?”

“मांडणारच की. ज्याच्यावर पोट भरतं ते मांडायचं. आणि आजच्या दिवस हत्याराला हात लावायचा नाय.”

“मग तोडणी बंद?”

“बंद कशी? उद्या दसरा, फुलं नकोत का बाजारात? जरबेऱ्याला कात्री कुठं लागते, हातानं पिरगाळून काढतात.”

एवढं बोललो आणि तबकातल्या बिल्ल्यांकडं बघितलं. ती उठली ती सरळ कॉम्प्युटरपाशी. सात बिल्ले, गोरक्षभाऊंच्या ओसरीवर, सगळे एका जागी, सकाळपासून हललेले नाय. पॉलीहाऊस रिकामं. हवा बघून प्रोग्रॅमनं फवारणी लावलेली, अकरा वाजता. घड्याळात दहा चाळीस.

तिनं अंबूबाईला फोन लावला. वाजून वाजून बंद. बाया ओल्या हातांनी काम करतात, फोन पिशवीत, पिशवी बाहेर झाडाला. गोरक्षभाऊ फुलं घेऊन बाजारात, त्यांचा फोन लागेना. चालू यंत्रणा बंद करायची चावी म्हणजे पासवर्ड, तो फक्त साहेबांकडं. टेस्टिंगवाल्यांनी खऱ्याला हात लावायचा नाय, असा नियम. हेही एक चांगलंय. खोटं सगळं हिच्या हातात, खरं काहीच नाय.

ती साहेबांपुढं उभी राहिली. “साहेब, फवारणी बंद करा. बाया आत आहेत.”

साहेबांच्या हातात तबक, पोरं टाळ्या वाजवतायत. “प्रतिभा, आरती चाललीये.”

“बिल्ले पूजेला मांडलेत त्यांनी! बाया आत आहेत!”

“बिल्ले घरी म्हणजे बायका घरी. सण आहे गं आज. आरती अर्धी सोडायची नसते, झाली की बघतो.”

तुम्हाला सांगतो, तेव्हा माझ्या हातात टॉमी नव्हती ते बरं झालं. देव कोणाला म्हणतो की सात बाया मरू द्या पण माझी आरती पुरी करा? प्रतिभाताईनं माझं मनगट धरलं आणि जिन्यानं खाली ओढलं.

गाडी कशी हाणली ते विचारू नका. नवमीचा बाजार, रस्त्यावर दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग, माणसं मध्ये उभी राहून भाव करतायत. मी काच खाली करून शिव्या देत होतो. प्रतिभाताई फोन लावत होती, अंबूबाईला, मग दुसरीला, मग तिसरीला. अकरा वाजले तेव्हा आम्ही अजून वाटेतच होतो. घड्याळ बघून तिनं फोन मांडीवर ठेवला, परत उचलला, परत लावला.

मळ्यात पोचलो अकरा दहाला. पॉलीहाऊसचे पडदे खाली. आतून बारीक फुस्स आवाज येत होता. दार खेचलं, कुलूप. आणि प्लास्टिकवर आतून हात. नुसते तळवे. मारतायत, खरवडतायत. ते प्लास्टिक गारा झेलतं, बायांच्या नखांनी काय फाटणार? बांगड्या फोडून त्याच्या काचांनी ओरखडे काढले होते त्यांनी. सात बायांकडं मिळून एक कात्री नव्हती, एक विळा नव्हता. सगळी पाती ओसरीवर कुंकू लावून पुजलेली.

मी गाडीतून टॉमी आणली आणि दाराशेजारी प्लास्टिकमध्ये खुपसली. फट पडली तशी प्रतिभाताईनं दोन्ही हात घातले आणि टराटरा फाडत गेली. धुकं तोंडावर आलं, माझे डोळे पेटले. एक बाई पडली बाहेर, मग दुसरी, मग चौघी एकदम. खोकतायत, ओकतायत. प्रतिभाताई ओरडली, “मावशी कुठंय?” एकीनं आत हात केला. अंबूबाई सगळ्यांना पुढं ढकलून मागं राहिली होती, शेवटच्या रांगेत कोणी पडलंय का बघायला. मी आणि प्रतिभाताईनं तोंडाला ओढणी, रुमाल बांधून तिला ओढत आणलं. तिच्या मुठीत अजून दोन फुलं होती.

तेवढ्यात प्रतिभाताईचा फोन वाजला. साहेब. “हां, आरती झाली. काय म्हणत होतीस तू?”

तिनं फोन बंद केला नाय. तसाच धरला अंबूबाईच्या तोंडापाशी, तिचा श्वास ऐकू येईल असा.

सहाजणी दोन दिवसांत घरी आल्या. अंबूबाई अकरा दिवस दवाखान्यात. बाराव्या दिवशी आली ती वेगळीच बाई आली. तो आवाज गेला. एक वाक्य बोलायची आणि मध्येच हवा शोधायची.

आणि कंपनीनं काय केलं? चोराच्या उलट्या बोंबा! कागद काढला, ‘मजुरांनी बिल्ला घातला नव्हता, सबब ही वापरणाऱ्यांची चूक.’ वर सुधारणा काय, तर कॅलेंडरमध्ये खंडेनवमीला खूण. वर्षातून त्या एका दिवशी फवारणी बंद. खोट्या शेतात खोटी नवमी घातली, खोटे बिल्ले खोट्या तबकात ठेवले आणि साहेब म्हणाले, बघा, पास झालं. बैल गेला आणि झोपा केला, तोही दुसऱ्याच गोठ्याला.

प्रतिभाताई म्हणाली, “आणि उन्हाळ्यात घामानं गळ्याला चावतो म्हणून खुंटीला अडकवला तर? लेकराला खेळायला दिला तर? किती दिवसांना खूण करणार आहात? बटण लावा.” चुकांच्या यादीत तिनं ओळ सहाव्यांदा उघडली. तिच्याखाली सात बायांची नावं लिहिली. साहेबांनी नावं पुसली.

पण गोरक्षभाऊ अडून बसले. त्यांनी फाटलेलं प्लास्टिक बदललं, यंत्रणा मात्र सुरू करू देईनात. “प्रतिभाताईची सही आणा, की टेस्ट केलंय आणि बरोबर हाय. तिची सही असली तर चालू करतो, नायतर काढून न्या तुमचं सगळं,” म्हणाले. साहेबांची पंचाईत झाली. दिवाळीनंतर दहा-बारा बागायतदारांना त्यांनी त्याच मळ्यात बोलावलं होतं, नवी यंत्रणा दाखवायला. त्यांच्यादेखत सही करून घ्यायची असं ठरवलं असणार. चारचौघांत बाई नाय म्हणणार नाय, असं वाटलं असंल. ह्या माणसाला सहा वर्षांत तिची ओळखच पटली नाय.

बागायतदार जमले. अंबूबाई ओसरीवर बाजेवर बसलेली. साहेबांनी झकास भाषण ठोकलं, लॅपटॉपवर खोटं शेत फिरवून दाखवलं, सात हिरवे ठिपके आत-बाहेर. मग कागद आणि पेन प्रतिभाताईपुढं धरलं.

तिनं पेन घेतलं. “करते सही. एकच टेस्ट राहिलीये, ती झाली की लगेच.”

“कोणती?”

“बाई आत, बिल्ला बाहेर. बाई नको, तुम्हीच जा. हा घ्या तुमच्या नावाचा बिल्ला, इथं खुंटीला लावते. तुम्ही आत जाऊन मधल्या रांगेत उभे राहा. टाकीतलं औषध काढून साधं पाणी भरलंय, गोरक्षभाऊंच्या देखत मी स्वतः भरलंय. वीस मिनिटं. नुसते भिजाल.”

सगळे हसले. साहेबही हसले. हसत हसत दारापर्यंत गेले, बूट वाजवत. प्रतिभाताईनं बिल्ला खुंटीला अडकवला. लॅपटॉपवर साहेबांचा ठिपका बाहेर उमटला आणि पॉलीहाऊस रिकामं दिसायला लागलं. साहेबांनी उंबऱ्यात एक पाय आत टाकला. वरच्या नळ्यांकडं बघितलं. कुलपाकडं बघितलं. लांबवर जाणाऱ्या जरबेऱ्याच्या रांगांकडं बघितलं. दुसरा पाय काही उचलेना.

मान वळवून हळूच म्हणाले, “आतून बंद करायचं काही आहे का?”

बाजेवरून अंबूबाई बोलली, एकेक शब्द उचलून. “नाय साहेब. तुम्हीच... नको म्हणाला होता.”

एका बागायतदारानं टोपी काढून झटकली आणि गाडीकडं चालू लागला. त्याच्या मागं दुसरा. साहेब अजून उंबऱ्यातच, एक पाय आत, एक बाहेर. प्रतिभाताईनं पेन बंद करून कागदावर ठेवलं आणि मला म्हणाली, “काका, चला.” गाडीत बसल्यावर ती रडली. रागानं रडली, गुडघ्यावर मुठी मारत. मी गाडी बाजूला घेऊन उभी केली आणि तिला रडू दिलं.

पंधरा दिवसांत लाल बटणं आली. प्रत्येक पॉलीहाऊसला चार, चारी कोपऱ्यांत, हाताला लागतील अशी. साहेब आता पाहुण्यांना सांगतात की सुरक्षितता ही आमच्या कंपनीची पहिल्यापासूनची ओळख. सांगोत. प्रतिभाताई दर गुरुवारी जाते, एकेक बटण स्वतःच्या हातानं दाबून बघते, कुलूप सुटल्याचा आवाज आला की वहीत खूण करते. पोरं अजून तिला किरकिरीच म्हणतात.

अंबूबाई पॉलीहाऊसमध्ये जात नाय आता. ओसरीवर बसून फुलांच्या जुड्या बांधते. चार जुड्या झाल्या की थांबते, दोन्ही हात बाजेवर टेकते, श्वास घेते, मग पाचवीला हात घालते.